आखरी चहारशंबा आणि पळसाचा मोसम

सफर हा हिजरी वर्षाचा दुसरा महिना. त्याच्या शेवटच्या बुधवारी दक्षिणेकडील मुसलमान कुटुंबे मुलाबाळांसह बागेत वा शेतात जाऊन हिरवळ तुडवीत. घरी गूळ-कणकेचे गुलगुले तळले जात. पैगंबरसाहेबांना आजारात त्या दिवशी उतार पडला, अशी लोकसमजूत. 1832 साली लंडनला प्रसिद्ध झालेल्या जाफर शरीफ यांच्या 'कानून-ए-इस्लाम' या ग्रंथातही या चालीचे वर्णन आहे. या दिवसाला म्हणतात आखरी चहारशंबा. फारसीत चहारशंबा म्हणजे बुधवार.

ही सहल मला आठवते ती 1992 च्या ऑगस्टातली. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. दादी पडदा लावलेल्या बैलगाडीतून कयाधूकाठच्या शेतावर आली आणि बांधावर उतरताच चपला काढून ओल्या गवतात चालू लागली. एरवी लग्न नि मयत यांखेरीज तिने उंबरा ओलांडलेला मी पाहिला नव्हता. आम्ही मुले गुलगुल्यांसाठी भांडत होतो. तिचे तिकडे लक्षच नव्हते.

हिजरी वर्ष चांद्र असून त्यात अधिक मास नाही. ते सौर वर्षाहून सुमारे 11 दिवसांनी लहान असल्याने प्रत्येक सण सुमारे 33 वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. पिकांच्या हंगामाशी हे जुळेना, म्हणून अकबराच्या काळात शेतसाऱ्यासाठी फसली सन निघाला. निजामाच्या राज्यात, म्हणजे आपल्या मराठवाड्यातही, फसली महिन्यांना इराणी नावे होती. इराणात फरवर्दीन मार्चच्या 21 तारखेच्या सुमारास नवरोजने सुरू होतो आणि तेराव्या दिवशी घरेच्या घरे रानात जेवायला जातात. आमच्याकडे वर्ष ऑक्टोबरात आजुरने सुरू होई. त्यामुळे फरवर्दी यायचा फेब्रुवारीच्या सुमारास. इकडचा पळसही तेव्हाच फुलू लागतो. नाव उसने असले तरी वेळ आमचीच निघाली!

2006 साली हा बुधवार मार्चअखेरीस आला. पुस्तकांतल्या वसंतात हिरवळ असते. हिंगोलीच्या वसंतात वाळलेले काड पायाला टोचते. भाचरे विचारू लागली, "दादी, घास कहाँ है?" थकलेल्या दादीने बांधावरच्या लालभडक पळसाकडे बोट केले. "घास नहीं तो फूल सही." मुलांनी ओंजळी भरून फुले वेचली. दादीची ती शेवटची सहल.

2025 च्या ऑगस्टात फेरी पूर्ण झाली. मी माझ्या मुलांना न्यायचे म्हणताच धाकटा भाऊ म्हणाला, "भाईजान, या दिवसाला हदीसमध्ये आधार नाही. उलट हुजूरांचा आजार याच सुमारास वाढला, असे उलेमा सांगतात." इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्याचे म्हणणे खोडता आले नाही. अनेक आलिमांचे मत तसेच आहे. पण ज्या बायकांना वर्षातून एकच दिवस मोकळे आभाळ मिळे, त्यांच्यासाठी ही चाल काय होती, हे कोणत्या ग्रंथात शोधायचे?

त्या बुधवारी आम्ही गेलो नाही. पुढे फेब्रुवारीत, एका साध्या रविवारी, सगळे शेतावर गेलो, भाऊही आला. पळस फुलू लागला होता. अम्मीने गाडीतून उतरताना विचारले, "आज कौन सा दिन है?" मी म्हणालो, "कोई नहीं, अम्मी." ती क्षणभर थांबली, चपला काढल्या, आणि डब्यातले गुलगुले सर्वांत आधी भावाच्या हातावर ठेवले.