धरलेला साप अन्न का घेत नाही?

बीड तालुक्यातील लिंबागणेश हे बालाघाटच्या डोंगररांगेतील गाव होय. येथील बरीचशी जमीन हलकी व चढउताराची असून बांध, ओघळी आणि दगडांच्या राशी शिवारात ठिकठिकाणी आढळतात. अशा जागी उंदीर राहतात आणि उंदरांच्या मागोमाग धामणही राहते.

एका मार्गशीर्षात या गावचे एक शेतकरी प्रस्तुत लेखकाकडे आले. त्यांच्या धान्याच्या खोलीत उंदरांनी बाजरीची पोती फोडली होती. धामण उंदीर खाते हे त्यांस ठाऊक होते. म्हणून विहिरीजवळ सापडलेली एक मोठी धामण त्यांनी पत्र्याच्या पिंपात ठेवली आणि माणसाळल्यावर तिला खोलीत सोडावयाचे ठरविले. पिंपात त्यांनी जिवंत उंदीर सोडले, वाटीत दूधही ठेवले. वीस दिवस लोटले तरी धामणीने कशालाच तोंड लावले नाही. उलट एके सकाळी उंदरांनीच तिच्या पाठीचे लचके तोडलेले दिसले. "साहेब, जनावर रुसलंय का आजारी पडलंय?" असा त्यांचा प्रश्न होता.

हा प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर नीट समजल्यास सापाचाही जीव वाचतो आणि शेतकऱ्याचे धान्यही वाचते. यास्तव हा पाठ दिला आहे.

सापाची भूक कशी असते?

गाय, बैल किंवा माणूस यांच्या शरीरात उष्णता अन्नापासून निर्माण होते. म्हणून त्यांस रोज खावे लागते. साप शीतरक्ताचा प्राणी आहे. तो आपली उष्णता ऊन, तापलेला दगड व जमीन यांपासून घेतो. त्यामुळे त्याची अन्नाची गरज फार थोडी असते. पोटभर खाल्लेली धामण पुढे कित्येक दिवस खात नाही, आणि मोठा अजगर तर काही महिने उपाशी राहू शकतो. सबब, सापाने चार दिवस अन्न घेतले नाही म्हणजे तो आजारी पडला असे समजण्याचे कारण नाही.

अन्न नाकारण्याची कारणे

१. थंडी. गिळलेले भक्ष्य पचविण्यास सापाला बाहेरची ऊब लागते. अजगरासारख्या सापाचे पचन ३० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तपमानात चांगले चालते. आपल्याकडे पौषात रात्रीचे तपमान १० अंशांच्या जवळ उतरते. अशा वेळी साप खाईल तर भक्ष्य पोटात कुजेल व त्यास ते ओकून टाकावे लागेल. म्हणून थंडीत साप बिळात पडून राहतो आणि अन्न टाळतो. लिंबागणेशच्या धामणीचे पिंप सावलीत होते व पत्रा रात्री गार पडत असे. तिच्या उपवासाचे पहिले कारण हेच.

२. भीती व आडोशाचा अभाव. भक्ष्य गिळताना साप लवकर पळू शकत नाही व स्वतःचे रक्षणही करू शकत नाही. म्हणून जेथे अंग लपविण्यास जागा नाही तेथे तो खात नाही. उघडे पिंप, वरून डोकावणारी मुले आणि वारंवार होणारी हाताळणी यांमुळे सापास आपणच कोणाचे तरी भक्ष्य होणार असे वाटते.

३. कात टाकण्याचा काळ. कात टाकण्यापूर्वी काही दिवस सापाचे डोळे दुधट निळसर होतात व अंगाचा रंग मंदावतो. त्यास नीट दिसत नाही. या काळात बहुतेक साप अन्न घेत नाहीत. कात पडल्यावर भूक आपोआप परत येते.

४. विणीचा काळ. या काळात नर मादीच्या शोधात असतात व पुष्कळदा खात नाहीत. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून सुमारे दोन महिने बसते, तेव्हा ती बहुधा अन्नाकडे पाहत नाही. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात आपल्या अजगराच्या जवळच्या ब्रह्मी अजगराच्या मादीवर मोजमापे घेण्यात आली. स्नायू आखडून ती अंड्यांना ऊब देते असे त्यांवरून दिसून आले. शेतात अशी मादी आढळल्यास तिला मुळीच हलवू नये.

५. भक्ष्य ओळखू न येणे. साप जीभ बाहेर काढून वास गोळा करतो व टाळूतील एका इंद्रियाने तो पारखतो. अजगराच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात, त्यामुळे थंडगार मेलेला उंदीर त्यास भक्ष्य वाटेलच असे नाही. धामण दिवसा फिरून बेडूक, सरडे, उंदीर व पाखरे यांचा पाठलाग करते. पिंपात पाठलागास वावच नसतो. शिवाय न खाणाऱ्या सापाजवळ जिवंत उंदीर ठेवल्यास उंदीरच सापाला कुरतडतो. लिंबागणेशला हेच घडले.

६. रोग व इजा. तोंडात पू होणे, अंगावर गोचिडी, पोटात जंत, श्वास घेताना घरघर व तोंडाशी फेस ही आजाराची लक्षणे होत. निरोगी साप उपवासातही फारसा वाळत नाही. परंतु पाठीचा कणा धारेसारखा वर आला व कातडीला सुरकुत्या पडल्या तर तो संकटात आहे असे समजावे. गारुडी पुष्कळदा सापाचे दात उपटतात, क्वचित तोंडही शिवतात. असा साप इच्छा असूनही खाऊ शकत नाही आणि अखेर मरतो.

दुधाविषयी

साप हा सस्तन प्राणी नाही. दूध हे त्याचे अन्न नव्हे व ते त्यास पचत नाही. दिवसानुदिवस पाण्यावाचून ठेवलेला साप तहानेपोटी समोरचे कोणतेही पातळ द्रव्य पितो, यास लोक भक्तीने दूध पिणे समजतात. धामण म्हशीच्या पायांना विळखा घालून सडातून दूध पिते ही समजूतही निराधार आहे. सापाला चोखण्यासारखे मऊ ओठ नसतात, आणि त्याचे दात मागे वळलेले व टोकदार असतात. असे दात सडाला लागल्यास म्हैस क्षणभरही उभी राहणार नाही.

सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा येथे नागपंचमीस जिवंत नाग पकडून त्यांची मिरवणूक काढण्याची प्रथा होती. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिला आळा बसला. आपल्याकडे स्त्रिया वारुळाची पूजा करतात व त्या दिवशी शेतकरी नांगर धरीत नाहीत. सापाला त्याच्या जागी निर्धास्त राहू देणारी ही रीत अधिक शहाणपणाची आहे.

शहरातील नवा छंद

आफ्रिकेच्या पश्चिम व मध्य भागात बॉल पायथन नावाचा लहान अजगर आढळतो. भ्याला म्हणजे तो अंगाचा चेंडू करतो, म्हणून हे नाव. अनेक देशांत तो घरी पाळतात, आणि अन्न नाकारणारा साप म्हणून पाळणाऱ्यांत तो प्रसिद्ध आहे. त्याची कारणे वर दिलेलीच आहेत : ऊब कमी, आडोसा नाही, हाताळणी फार. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटे व केक यांच्या वेष्टनांत दडविलेले असे ९ अजगर जप्त झाले. हा छंद आता गावांतील तरुणांच्या कानीही पडत आहे. २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर असे परदेशी प्राणी जवळ असल्यास नोंदणी आवश्यक आहे हे त्यांस सांगावे.

शेतकऱ्याने काय करावे?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये आपल्याकडील धामण, नाग व अजगर यांस संरक्षण आहे. त्यांस मारणे, पकडणे वा बाळगणे हा गुन्हा आहे. कोणी अजाणतेपणी साप कोंडून ठेवला असल्यास त्यास बळजबरीने खाऊ घालू नये. वनविभागास १९२६ या क्रमांकावर कळवावे. जखमी वन्य प्राण्यांच्या उपचारासाठी बीड जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यातील तागडगाव येथे सर्पराज्ञी हे केंद्र आहे.

धामणीची चाकरी हवी असेल तर तिला घरात आणू नये, शिवारात जागा द्यावी. बांधावरील झुडपे सरसकट जाळू नयेत. शेताच्या कडेची एखादी दगडांची रास तशीच राहू द्यावी. विषारी आमिषाने मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरावेत, म्हणजे ते साप व घुबडे यांच्या पोटात जाणार नाहीत. घराजवळ मात्र याच्या उलट करावे. धान्याची पोती भिंतीपासून दूर, फळ्यांवर रचावीत, उंदरांची बिळे बुजवावीत आणि कडब्याची गंजी व सरपण घरापासून अंतरावर ठेवावे. घरात उंदीर आले की त्यांच्या मागे नागही येतो.

साप ओळखता येत नसेल तर त्याजवळ जाऊ नये. दंश झाल्यास अवयव हलवू नये, जखम कापू नये, घट्ट आवळू नये व मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून थेट रुग्णालय गाठावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालते.

लिंबागणेशच्या त्या शेतकऱ्यांनी स्वतःच वनरक्षकास बोलाविले. जखम भरल्यावर धामण त्याच विहिरीजवळच्या बांधावर सोडण्यात आली. पिंपातून निघताच ती दगडांत शिरली. तिने पुढे उंदीर धरला की नाही हे कोणी पाहिले नाही, आणि पाहण्याची गरजही नव्हती. शेतकऱ्याचा हेतू बरोबर होता, जागा मात्र चुकली होती. पोती फळ्यांवर चढविण्याचे काम त्यांनी त्याच आठवड्यात उरकले.

सायंकाळच्या बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शिवारात धामण कोठे दिसते? तेथे उंदरांचा उपद्रव कसा आहे?
२. थंडीत साप अन्न का टाळतो?
३. कात टाकण्याची वेळ जवळ आली हे सापाच्या डोळ्यांवरून कसे ओळखावे?
४. आपल्या घरातील धान्य उंदरांपासून सुरक्षित राहावे म्हणून या आठवड्यात कोणता एक बदल करता येईल?