ऑर्गनचे झाकण उघडण्यापूर्वी



दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचे संविधान घोषित केले. त्यात पाइप ऑर्गनला मानाचे स्थान दिले आणि पवित्र कार्याला साजेशी इतर वाद्येही अधिकाऱ्यांच्या संमतीने वापरण्यास मुभा दिली. आज अनेक चर्चमध्ये हे काम इलेक्ट्रॉनिक ऑर्गन करतो. तो बेसूर वाटला की आपल्यापैकी कुणीतरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पुढे होतो. त्यामागे चर्चविषयीचे प्रेमच असते. परंतु त्यातील धोके आपण समजून घेतले पाहिजेत.

पहिला धोका जिवाचा. आत २३० व्होल्टची वीज येते. प्लग काढला म्हणजे सर्व सुरक्षित झाले, असे नाही. कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. जुन्या व्हॉल्व्हच्या ऑर्गनमध्ये तर ती शेकडो व्होल्टची असू शकते.

दुसरा धोका सुरांचा. जुन्या घडणीच्या अनेक ऑर्गनमध्ये बारा स्वरांसाठी बारा मूळ सर्किटे असतात आणि खालच्या सप्तकांतील स्वर त्यांच्यापासूनच तयार होतात. त्यामुळे एक स्क्रू फिरवला की तो स्वर सगळ्याच सप्तकांत बदलतो. नव्या डिजिटल ऑर्गनमध्ये चर्चच्या इमारतीला अनुसरून आवाज बसवून ती माहिती मेमरीत साठवलेली असू शकते. चुकीच्या रिसेटने ती पुसली जाते.

तिसरा धोका यंत्राचा. आपल्या अंगावरील स्थिर विजेनेही आतील चिप निकामी होऊ शकते. गंज सोडवण्याचा तेलकट स्प्रे बटनांत मारल्यास धूळ चिकटते. काही स्प्रे प्लॅस्टिकही खराब करतात.

मग आपण काय करावे? बाहेरून तपासावे. ट्रान्सपोजचे बटन चुकून दाबले गेले आहे का? ट्यूनिंगची खूण बदलली आहे का? वरच्या ‘ला’ स्वराचे प्रमाण ४४० हर्ट्झ आहे. जुना ऑर्गन थंड असताना थोडा सरकतो, म्हणून सुरू करून काही वेळ थांबावे व मगच सूर पारखावा. आवाजाचे पेडल व स्पीकरची वायर पाहावी. पावसाळ्यात ओल लागू देऊ नये आणि विजा चमकत असताना प्लग काढून ठेवावा. एवढ्याने दोष गेला नाही, तर तो कोणत्या स्वरात, कोणत्या स्टॉपवर व केव्हा येतो हे वहीत लिहून फादरांना व गायनमंडळाच्या प्रमुखांना कळवावे. जाणकार तंत्रज्ञाचे निम्मे काम त्या वहीने होते.

तंत्रज्ञाची फी वाचवण्याचा मोह होतो, हे खरे. पण ऑर्गन एकट्या वादकाचा नसतो. तो कित्येक कुटुंबांच्या दानातून आलेला असतो. आणि एखाद्या सेवकाच्या जिवापुढे एका रविवारची मिस्सा वाद्याविना गायली गेली, तरी त्यात काहीच उणे नाही. परमेश्वराने दिलेला कंठ आपल्यापाशी आहेच.