लेकराच्या झोपेचा क्रम

छकुले, आधी एक गोष्ट मनातून काढून टाक. तिसरा महिना लागलेलं लेकरू रात्री दोन-तीनदा उठतं म्हणून तुझं दूध कमी पडतंय असं नाही, अन् त्याला कुणाची दृष्टही लागलेली नाही. एवढ्याशा जिवाचं पोट लहान, त्यात आईचं दूध लवकर पचतं. भूक लागली की उठणारच. दिवस कुठला न् रात्र कुठली हे त्याच्या शरीराला उमगायलाच दोन-तीन महिने जातात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली झोपेचं माप सांगितलंय: तीन महिन्यांपर्यंत दिवसरात्र मिळून १४ ते १७ तास, पुढं अकरा महिन्यांपर्यंत १२ ते १६ तास. तुझ्या लेकराच्या सगळ्या डुलक्या धरल्या तर बेरीज बहुतेक भरेल. ती तुकड्यातुकड्यांनी होते, म्हणून तुझे हाल होतात.

आता जरा सकाळ आठव. मालिशवाल्या मावशी तेल चोळतात, ऊन पाण्यानं न्हाऊ घालतात, दुपट्यात गुंडाळून तुझ्याकडं देतात, तू पाजतेस अन् लेकरू दोन-दोन तास गाढ झोपतं. तेव्हा ना कुणाला झोके द्यावे लागतात, ना खांद्यावर घेऊन फिरावं लागतं. रोज त्याच क्रमानं त्याच गोष्टी होतात, त्यामुळं आता झोपायचं हे त्याला कळतं. संध्याकाळी मात्र तुमच्या घरात सगळाच गोंधळ. सध्या हळद काढणीचे दिवस, माणसं उशिरा रानातून येतात, टीव्ही लागतो, जो येतो तो लेकराला उचलून खेळवतो. अन् नऊ वाजता सगळ्यांना वाटतं, यानं आता गुपचूप झोपावं!

म्हणून सकाळसारखाच एक छोटा क्रम रात्रीला लाव. दिवेलागणीनंतर कोमट पाण्याच्या फडक्यानं अंग पुसायचं, कोरडं झबलं-लंगोट घालायचं, मोठा दिवा बंद करायचा, पाजायचं, ढेकर काढायची अन् एकच ठरलेली अंगाई म्हणायची. घड्याळात आठ वाजले की साडेआठ, याची फिकीर करू नको. हळदीचा बॉयलर दारात लागला असेल त्या दिवशी उशीर होईलच. वेळ हलली तरी क्रम हलवू नको. दोन-तीन दिवसांत फरक दिसला नाही म्हणून सोडूही नको.

रात्री पाजताना बारीक उजेड ठेव, बोलू-खेळवू नको. सकाळी उठल्यावर मात्र त्याला ओसरीत उजेडात आण. दिवसाच्या झोपेला खोली अंधारी करायची गरज नाही, भांड्यांचा आवाज होऊ दे. या वयाचं लेकरू एका वेळी तास-दीड तासच नीट जागू शकतं. जांभई आली, नजर चुकवायला लागलं, डोळे चोळायला लागलं की खाली ठेव. ती वेळ टळली की ते जास्त किरकिरतं. झोपेत कण्हलं, हातपाय झाडले तर लगेच उचलू नको. तान्ह्या लेकरांची अर्धी झोप अशीच चुळबुळीची असते, पुष्कळदा आपोआप पुन्हा डोळा लागतो.

झोपवायचं उताणंच, कुशीवर किंवा पालथं नाही. डोकं गोल व्हावं म्हणून सासूबाईंनी मोहरीची उशी शिवली असेल, ती प्रेमानं घडी करून ठेव. तुझ्याच खोलीत, तुझ्या हाताच्या अंतरावर, पण वेगळ्या सपाट अंथरुणावर त्याला ठेव. बिडी ओढलेल्या किंवा दारू प्यालेल्या माणसाच्या शेजारी तर कधीच नको. धरणाकाठचं गाव तुमचं, कालव्याकडून डास येतात, तर मच्छरदाणी लाव. कॉइलचा अन् धुरीचा धूर मात्र लेकरू असलेल्या खोलीत नको. उन्हाळा चढला की टोपरं-कुंची काढ, एक सुती झबलं पुरे. उकाड्यातही सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी नाही, दुधातच पाणी असतं.

झोळीचं काय, विचारत होतीस. शेतात लिंबाखाली लुगड्याची झोळी बांधावी लागते, मला ठाऊक आहे. पण झोळीत पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते अन् श्वास कोंडू शकतो. कुणाचं तरी सतत लक्ष असेल तेवढाच वेळ ती ठीक. रात्रभराच्या झोपेला नको, अन् लेकरू वळायला लागलं की बंदच कर.

गुटीत जायफळ जास्त उगाळून झोपवायचा सल्ला कुणी दिला तर हसून सोडून दे. जायफळाची ती गुंगी असते अन् लहान जिवाला ती घातक ठरू शकते. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया लेकरांना अफूची बाळगोळी देऊन कामावर जायच्या. त्यांच्या पाठीशी लेकरू सांभाळणारं कुणी नव्हतं, तुझ्या पाठीशी घर आहे. मधही वर्षभर चाटवू नको.

आशाताईंना विचारायला लाजू नको. जन्मानंतर ३, ७, १४, २१, २८ अन् ४२ व्या दिवशी त्या घरी येतात, ती पद्धत आपल्याच गडचिरोलीत डॉ. अभय बंग न् डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’च्या कामातून पुढं देशभर गेली. तीन महिन्यांचं झालं की त्या परत येतील. लसीनंतर एक-दोन दिवस झोप बिघडली तर घाबरू नको. पण लेकरू उठवूनही उठत नाही, पीत नाही, अंग तापलं किंवा गार पडलं, श्वास भरभर चाललाय, असं दिसलं तर वाट बघू नको, सरळ दवाखाना गाठ. चौथ्या महिन्यात रात्रीची झोप पुन्हा विस्कटू शकते, तेव्हाही क्रम तोच ठेव.

संध्याकाळी लेकरू फार रडलं अन् तुला सहन होईना, तर त्याला उताणं ठेवून दोन मिनिटं अंगणात जा. गदागदा हलवायचं मात्र कधीच नाही.

आता तुझं. सकाळच्या न्हाणानंतर लेकरू झोपलं की तूही आडवी हो. भांडी, धुणं थांबतं. रात्री पाजणं तुझ्याकडं, पण ढेकर काढणं अन् लंगोट बदलणं पाव्हण्यांकडं दे. दिवसभर रानात राबतात हे खरं, पण तूही रात्रभर राबतेच आहेस. नाही ऐकलं त्यांनी, तर फोन त्यांच्या हातात दे. मी बोलते.