मुलांच्या अंगीं धीर कसा येतो?

सोसल्यानें माणूस घडतो असें आपण सहज बोलून जातों. मुलगा परीक्षेंत नापास झाला, घरांत अन्नाची टंचाई पडली किंवा बाप दारूच्या नादीं लागला, म्हणजे शेजारी म्हणतात, "सोसूं द्या, पोर टणक होईल." या बोलण्यांत थोडें सत्य आहे, परंतु तें इतकें थोडें आहे कीं, त्याच्या भरंवशावर मुलांचें संगोपन करणें धोक्याचें होय. सोसून कांहीं मुलें उभीं राहतात आणि पुष्कळ मोडतात. कोणतें मूल उभें राहील हें कशावर ठरतें, हें आईबापांनीं व उपदेशकांनीं समजून घेणें अगत्याचें आहे.

या प्रश्नाचा शोध कोणीं फार चिकाटीनें केला आहे. प्रशांत महासागरांतील हवाई बेटांपैकीं कवाई या बेटावर सन १९५५ सालीं जन्मलेल्या ६९८ मुलांची हकीकत एमी वर्नर व रूथ स्मिथ या दोघी विदुषींनीं आपल्या सोबत्यांसह जन्मापासून तीं चाळीस वर्षांचीं होईपर्यंत लिहून ठेविली. मुलें १, २, १०, १८, ३२ व ४० वर्षांचीं झालीं, त्या त्या वेळीं त्यांची विचारपूस करण्यांत आली. त्या काळीं तें बेट उसाच्या व अननसाच्या मळ्यांचें होतें, आणि पुष्कळ मुलांचे बाप त्या मळ्यांवर राबत. आपल्याकडील जीं कुटुंबें दरवर्षीं ऊसतोडीस जातात, त्यांस हें जग अगदींच परकें वाटूं नये.

या मुलांपैकीं २०१ मुलांवर दोन वर्षांच्या आंतच चार किंवा अधिक संकटें आलीं होतीं: दारिद्र्य, जन्मवेळचा त्रास, आईचें अल्प शिक्षण, घरांतील कलह किंवा फारकत, दारू, आईबापांच्या मनाचा आजार. त्यांतील १२९ मुलें अठराव्या वर्षापर्यंत अभ्यासांत मागें पडलीं, वाईट वळणास लागलीं किंवा मनानें आजारी झालीं. म्हणजे केवळ सोसल्यानें तीन मुलांपैकीं दोन घडलीं नाहींत, बिघडलीं. परंतु ७२ मुलें नीट वाढलीं. तीं शिकलीं, कामधंद्यास लागलीं, आणि दुसऱ्याविषयीं कळवळा बाळगणारीं माणसें झालीं.

या ७२ जणांपाशीं काय होतें? कांहींचा स्वभाव जन्मतःच हंसरा व मनमिळाऊ होता हें कबूल केलें पाहिजे. तें कोणाच्या हातचें नाहीं. परंतु त्यांच्या चरित्रांत एक गोष्ट पुनःपुन्हां दिसते. प्रत्येकास लहानपणीं निदान एक तरी असें माणूस लाभलें होतें कीं, जें त्याच्याकडे नित्य लक्ष देई व त्यास टाकून जात नसे. तें माणूस आई किंवा बापच असे असें नाहीं. कोठें आजी, कोठें मावशी, कोठें थोरली बहीण; पुढें शाळेंत गेल्यावर एखादा शिक्षकही.

हें वाचतांना पंडिता रमाबाईंची आठवण होते. आईबाप व थोरली बहीण हीं तिघें दुष्काळाच्या दिवसांत थोड्याथोड्या अंतरानें गेलीं. भावाबरोबर पायीं हिंडून दिवस काढावे लागले. सन १८८० सालीं तो भाऊ गेला, व सन १८८२ सालीं पति. तरी सन १८८९ सालीं त्यांनीं मुंबईस शारदा सदन उघडलें, आणि पुढल्या दुष्काळांत शेंकडों मुलींस केडगांवीं आसरा दिला. दुष्काळानें रमाबाई घडविल्या असें म्हणावें काय? त्याच दुष्काळांत किती मुलें रस्त्यावर मेलीं! रमाबाईंस जें लाभलें होतें तें निराळें. त्यांची आई लक्ष्मीबाई दिवसभर घरकामांत गुंतलेली असे, म्हणून ती पहांटे मुलीस लाडानें उठवून संस्कृत पाठ देई. सन १८८७ सालीं प्रसिद्ध झालेलें आपलें इंग्रजी पुस्तक रमाबाईंनीं याच आईच्या स्मृतीस अर्पण केलें आहे. त्या पहांटेच्या पाठांची शिदोरी किती वर्षें पुरली पाहा.

कवाईच्या मुलांत दुसरी गोष्ट ही आढळली कीं, त्यांच्यावर कांहीं खरें काम सोंपविलेलें असे. आपल्यावांचून कोणाचें तरी अडतें, हें मुलास कळलें म्हणजे त्याच्या मनास बळ येतें. शेळीस पाणी पाजणें, आजीस औषधाची आठवण देणें, धाकट्यास संध्याकाळीं सांभाळणें, अशीं कामें पुरेत. परंतु फडांत दिवसभर मोळ्या बांधावयास लावून शाळा बुडविणें हें त्या प्रकारचें काम नव्हे. तें मुलाचें बळ वाढवीत नाहीं, खर्च करतें. कवाईस दहा वर्षांच्या वयांत ज्यांस नीट वाचतां येत होतें, तीं मुलें पुढें अधिक तगलीं, हेंही लक्षांत ठेवावें.

आणखी एक गोष्ट आपल्या चालीच्या अगदीं उलट आहे. जे मुलगे तगले, त्यांच्या घरीं नियम होते व ते पाळले जात; पण मनांतील सुखदुःख बोलून दाखविण्यास त्यांस मोकळीकही होती. "मुलगा असून रडतोस काय?" हें वाक्य आपल्या घरांतून जाईल तर बरें. ज्या मुली तगल्या, त्यांस स्वतंत्रपणें कांहीं करून पाहण्यास उत्तेजन होतें, आणि पाठीशीं एक भरंवशाची बाई होती. आपण मुलग्याचें तोंड बंद करतों व मुलीचे पाय बांधतों, आणि मग दोघांच्या अंगीं धीर नाहीं म्हणून कुरकुरतों.

मारानें धीर येतो हा समजही सोडावा. सन २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळेंत मुलास मारण्यास मनाई केली आहे. घरांतील छडी मात्र आपली आपणच मोडली पाहिजे.

जें मूल आतां मोठें होऊन वाया गेलेंसें दिसतें, त्याचें काय? कवाईच्या बिघडलेल्या मुलांपैकीं पुष्कळ जण तिशीचाळिशीपर्यंत सावरले. कोणी पुन्हां शिक्षण घेतलें, कोणास चांगला जोडीदार मिळाला, कोणी एखाद्या मंडळींत मनापासून सामील झाले. म्हणून अठरा वर्षांच्या तरुणाविषयीं कायमचा निकाल देण्याची घाई उपदेशकानें करूं नये.

आतां आपल्या गांवांकडे वळूं. मुकादमाची उचल घेतलेलीं कुटुंबें दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्याकडे निघतात तीं उन्हाळ्यापर्यंत परतत नाहींत. कांहीं मुलें बरोबर जातात, कांहीं आजीपाशीं राहतात, कांहीं हंगामी वसतिगृहांत. ज्यांस मागें ठेवावयाचें, त्यांस तसें आधीं सांगावें. मूल निजलें असतां रात्रीं चोरून निघून जाऊं नये. मुलाचें रडणें टळावें म्हणून आईबाप असें करतात खरें, पण मग तें मूल रोज रात्रीं निजावयास भितें. किती महिने जाणार, फोन कोणत्या वारीं करणार, हें सांगावें आणि तो वार चुकवूं नये. आजीची दृष्टि मंद असेल तर शेजारच्या कोणा बाईनें मुलास रोज अर्धा तास वाचावयास बसवावें. आजी आजारी पडली तर काय, याचाही विचार आधींच करावा. हा प्रसंग दरवर्षीं कोठें ना कोठें येतोच.

गाड्या निघण्यापूर्वीं उपदेशकानें शब्बाथशाळेचा हजेरीपट घेऊन बसावें, व प्रत्येक मुलाच्या नांवापुढें त्याच्यापाशीं राहणाऱ्या त्या एका माणसाचें नांव लिहावें. ज्या नांवापुढें जागा कोरी राहील, त्या घरीं त्याच संध्याकाळीं जावें.