आधी ताणेल, मग तुटेल

पुण्यात बांधकाम साहित्याच्या तपासणी प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं काम केलं, त्यानंतर कोकणातल्या साइटवर. सळई, काँक्रीट, वीट, दगड यांचे नमुने तोडून बघणं हेच माझं काम. ताण म्हणजे काय, हे या कामाने मला शिकवलं. त्यातलं काही लोखंडाबद्दल आहे, काही माणसांबद्दल.

१. वजन पेलणारं सगळंच ताण सोसत नाही.
दगडावर, विटेवर, काँक्रीटवर भार टाकला तर ती निमूट पेलतात. ओढलं की मात्र लगेच दगा देतात. काँक्रीट जेवढा दाब सोसतं, त्याच्या साधारण एक दशांशच ताण सोसतं. म्हणून तर त्यात लोखंड घालावं लागतं.

हे नुसतं पुस्तकातलं ज्ञान नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून मराठवाड्यातल्या किल्लारी परिसरातली गावं झोपलेली असताना भूकंप झाला. तिथली घरं म्हणजे मातीत रचलेल्या रुंद दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद. या भिंतींनी पिढ्यानपिढ्या वजन पेललं होतं. पण भूकंप वजन टाकत नाही, तो भिंतीला आडवं हलवतो. भिंतीचा आतला आणि बाहेरचा थर एकत्र धरून ठेवतील असे आरपार दगड बहुतेक घरांत नव्हते. थर सुटले, माळवद खाली आलं आणि हजारो माणसं झोपेतच गेली. भिंत रुंद म्हणजे भिंत मजबूत, ही समजूत अजूनही गावोगाव ऐकू येते, आणि दर वेळी माझा जीव कळवळतो.

२. ‘कडक माल’ मागू नका.
घर बांधणारा माणूस दुकानात विचारतो, “सळई कडक आहे ना?” प्रश्नच चुकीचा आहे.

१६ मिलिमीटरची सळई घ्या. तिच्यावर ८० मिलिमीटर अंतराने खुणा करायच्या आणि यूटीएम या ओढून तोडणाऱ्या मशीनच्या जबड्यांत दोन्ही टोकं पकडून ओढायचं. एफई ५०० प्रतीची सळई असेल तर साधारण दहा टनांपर्यंत ती जणू काही घडतच नाही अशी राहते. मग काटा अडखळतो. सळईवरचा काळा पापुद्रा सुटून खाली पडायला लागतो. याला आम्ही यील्ड म्हणतो. इथून पुढे भार काढून घेतला तरी सळई मूळ लांबीवर परत येत नाही. पण ती तुटलेलीही नसते. ती लांबत जाते, आणखी भार घेते, मग एका जागी बारीक होते आणि मोठा आवाज होऊन तुटते. तुटल्या तुटल्या त्या जागी हात लावला तर गरम लागते. दोन्ही तुकडे जुळवून खुणांमधलं अंतर पुन्हा मोजायचं. ८० चं निदान ८९.६ झालं पाहिजे, म्हणजे १२ टक्के वाढ. एफई ५००डी प्रतीला १६ टक्के लागते. नुसती कडक सळई ताकदीचा आकडा मोठा दाखवेल, पण न लांबता काड्कन तुटेल.

ही वाढ म्हणजेच माणसांना मिळणारा वेळ. लांबणाऱ्या सळईचा बीम आधी वाकतो, भेगा दाखवतो, भूकंपाचे हादरे स्वतःत जिरवतो. घरातल्यांना बाहेर पडता येतं.

३. पूर्ण ताकदीइतकं काम कुणाकडून घ्यायचं नसतं.
एफई ५०० सळईच्या यील्डचा आकडा ५०० असला तरी इमारतीचा हिशेब करताना आम्ही ४३५ च धरतो. शिवाय इमारतीवर येणारा भार दीडपट धरतो. लोखंडाचा कमकुवतपणा म्हणून हे करत नाही. माल, कारागिरी, अंदाज यांत उणंअधिक होणारच, हे मान्य करून करतो.

माणसांच्या बाबतीत आपण नेमकं उलटं करतो. आमच्या प्रयोगशाळेत एक बाई होत्या. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, मुलाची दहावी, नवऱ्याची फिरतीची नोकरी. कधी रजा नाही, कधी तक्रार नाही. सगळे कौतुकाने म्हणायचे, “बाई खंबीर आहेत हो.” आणि त्या खंबीर आहेत म्हणून महिनाअखेरचे सगळे रिपोर्ट त्यांच्याच टेबलावर जायचे. एका दुपारी त्या स्टुलावर बसल्या आणि उठेचनात. रडत नव्हत्या, बोलत नव्हत्या. नंतर कित्येक महिने त्या कामावर येऊ शकल्या नाहीत.

त्या खंबीर होत्याच, त्यात शंका नाही. पण कुणाचा खंबीरपणा दिसला की त्याच्यावर आणखी ओझं लादायची आपली जी रीत आहे, ती मला क्रूर वाटते. घरातल्या बाईच्या बाबतीत तर ती सर्रास चालते. जो चिडतो, थकलो म्हणतो, रजा मागतो, तो निदान वेळेवर सांगतो तरी. त्याला कमकुवत म्हणू नये. जो काहीच बोलत नाही, त्याच्याकडे आधी बघावं.

४. तोडून पाहिलेली सळई इमारतीत जात नाही.
ती भंगारात जाते. इमारतीत जाते ती तिच्याच लॉटमधली, न ताणलेली. हे ठाऊक असल्यामुळे नव्या मुलांना “किती दम आहे बघू” म्हणून मुद्दाम राबवून घेणारे वरिष्ठ मला कधीच पटले नाहीत.

५. लहान ताण रोज आला तर मोठ्याची गरज उरत नाही.
एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या आउगुस्ट वोलर या अभियंत्याने रेल्वेच्या आसांवर हे दाखवून दिलं. एका फटक्यात आस सहज सोसेल अशा भारानेही तो लाखो फेऱ्यांनंतर तुटतो. रोज जेवताना बसणारा टोमणाही असाच.

६. बाल्कनीत मुख्य लोखंड वर असतं.
कोकणात साइटवर मी यावरून सर्वांत जास्त भांडले. खोलीचा स्लॅब खाली झुकतो, म्हणून ताण त्याच्या खालच्या बाजूला येतो आणि मुख्य सळई खाली घालतात. बाल्कनी किंवा छज्जा एकाच बाजूने धरलेला असतो. त्याचं मोकळं टोक झुकतं आणि ताण वरच्या बाजूला येतो. म्हणून सळई वर हवी. बारबेंडर ती वरच बांधतो. पण काँक्रीट ओतताना माणसं घमेली घेऊन तिच्यावरून ये-जा करतात आणि सळई दबून तळाला जाते. वरून सगळं गुळगुळीत दिसतं. सेंटरिंग काढल्यावर, किंवा पुढे कधीतरी लग्नाची वरात बघायला वीस माणसं उभी राहिल्यावर, बाल्कनी मुळातून खाली येते. तिथे लोखंड कमी नसतं, चुकीच्या जागी असतं. सळईखाली तिला उचलून धरणाऱ्या भक्कम चेअर लावायच्या आणि ये-जा करायला फळ्या टाकायच्या, एवढाच उपाय. खर्च नगण्य आहे.

७. रिपोर्टमधला शेवटचा आकडा वाचा.
सळईच्या चाचणीच्या रिपोर्टमध्ये यील्ड असतं, ताणबल असतं आणि इलाँगेशन म्हणजे लांबण्याची टक्केवारी असते. बहुतेक लोक पहिले दोन आकडे बघून कागद फाइलला लावतात. तुम्ही घर बांधत असाल तर दुकानदाराकडून त्या लॉटचा रिपोर्ट मागून घ्या आणि इलाँगेशन आधी बघा. मराठवाडा असो की कोकण, एफई ५००डी घ्या. आणि काँक्रीट ओतायच्या दिवशी कितीही घाई असली तरी बाल्कनीपाशी स्वतः उभे राहा.