बाळंतिणीचे मन : उपचार कोठे आणि कसे मिळतात?

बाळंतिणीच्या शरीराची काळजी घेण्यात आपल्याकडे कोणी कसूर करीत नाही. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक-शेगडी, कानाला बांधलेला रुमाल, सारे सव्वा महिना वेळच्या वेळी होते. तिच्या मनाची चौकशी मात्र सहसा होत नाही. पाळणा हलला म्हणजे आई आनंदात असणारच, असे आपण गृहीत धरतो. मग ती रडली की ‘दृष्ट लागली’ आणि बाळाला जवळ घेईनाशी झाली की ‘कसली ही आई!’ असे बोलून मोकळे होतो.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणे, चिडचिड होणे हे पुष्कळ स्त्रियांना होते. शरीरातील संप्रेरके एकदम उतरतात, त्यात झोप नसते. विश्रांती आणि घरच्यांचे दोन गोड शब्द मिळाले की दहा-पंधरा दिवसांत हे आपोआप निवळते. पण उदासी दोन आठवड्यांपलीकडे टिकली, बाळ झोपले तरी आईला झोप येईना, अन्नावरची वासना गेली, ‘मी याला सांभाळू शकणार नाही’ असे सारखे वाटू लागले, तर तो आळस नव्हे की नखरे नव्हेत. ते प्रसूतीनंतरचे नैराश्य होय. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

हा आजार शहरातल्या शिकलेल्या बायकांचा, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. भारतातील ३८ अभ्यासांतील वीस हजारांवर मातांची माहिती एकत्र करून २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत एक लेख आला. त्यात शंभरातील सुमारे २२ मातांमध्ये हे नैराश्य आढळले. गोव्यात एका जिल्हा रुग्णालयात झालेला, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यासही हेच सांगतो. सहा ते आठ आठवड्यांच्या बाळंतिणींपैकी २३ टक्के नैराश्यात होत्या. त्यांच्यापैकी बहुतेकींच्या मनावर गरोदरपणातच ताण होता आणि निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनीही बऱ्या झाल्या नव्हत्या. पैशाची ओढाताण, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाल्याची घरची नाराजी, या गोष्टींनी धोका वाढत होता. जिजाऊंच्या सिंदखेड राजामुळे आपल्या जिल्ह्याला आपण मातृतीर्थ म्हणतो. पण दुसरी मुलगी झाली म्हणून बाळंतिणीशी अबोला धरणारी घरे याच जिल्ह्यात आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आता मुख्य प्रश्न, जायचे कोठे? पहिले दार आशाताईचे. दवाखान्यातील बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिने घरी यायचे असते. ती मुख्यतः बाळाचे वजन, नाळ, दूध पाहते. त्याच वेळी आईला किंवा सासूला स्पष्ट सांगता येते की ‘हिचे मन लागत नाही, झोप येत नाही.’ दीड महिन्याच्या लसीसाठी बाळाला नेतो, तेव्हा हीच गोष्ट प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांच्या कानावर घालावी. रक्त कमी असणे आणि थायरॉइडचा बिघाड यांनीही अशीच मरगळ येते. म्हणून ती तपासणी आधी होणे बरे.

पुढचे दार जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे. त्यासाठी बुलडाण्याच्या जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाची चौकशी करावी. खामगाव-शेगावकडील लोकांना अकोल्याचे, तर देऊळगाव राजाकडील लोकांना छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे घाटी, सोयीचे पडते. तिकीटभाड्याचीच अडचण असेल किंवा घरात कोणाला सांगायची सोय नसेल, तर १४४१६ हा ‘टेली मानस’चा क्रमांक फिरवावा. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा सुरू आहे. फोन मोफत, रात्री-अपरात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येते. खासगी समुपदेशकाकडे जायचे असल्यास त्याचे शिक्षण व नोंदणी विचारण्यात संकोच करू नये.

तेथे गेल्यावर करतात काय, ही भीती मोठी असते. पहिल्या भेटीत झोप, भूक, घरची माणसे यांची चौकशी होते. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का, हेही विचारले जाते. त्याचे खरे उत्तर द्यावे, कोणी रागावत नाही. पुढे साधारणतः आठवड्या-पंधरवड्याने काही बैठका होतात. ‘मी वाईट आई आहे’ या विचाराची दोघे मिळून छाननी करतात आणि घरी करायला लहानशी कामे देतात : रोज थोडे अंगणात फिरणे, बाळाशी बोलत मालिश करणे, रात्रीचे एक जागरण नवऱ्याकडे सोपवणे. पाकिस्तानात गावोगावच्या आरोग्यसेविकांना असे बोलणे शिकवले, तेव्हा मातांचे नैराश्य लक्षणीय घटले. तो अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे गोव्यात शेजारपाजारच्या प्रशिक्षित बायांकडूनही हाच प्रयोग झाला.

आजार जास्त असेल तर गोळ्या लागतात. अंगावर पाजत असतानाही चालतील अशी औषधे असतात. डॉक्टरांना पाजते असे सांगावे आणि बरे वाटताच गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. आपल्याकडे नेमके हेच होते. पहिले बाळंतपण माहेरी, उपचार माहेरी सुरू, आणि तिसऱ्या महिन्यात सासरी पाठवणी झाली की गोळ्याही सुटतात, बैठकाही. निघण्यापूर्वी केसपेपरची झेरॉक्स घ्यावी आणि जावयाला एकदा तरी डॉक्टरांसमोर बसवावे. बापालाही या दिवसांत नैराश्य येते. त्यालाही हीच दारे उघडी आहेत.

सैलानी बाबांच्या दर्ग्यावर मन बिघडलेल्या माणसांना घेऊन दूरदूरचे लोक येतात. श्रद्धेबद्दल आम्हाला काही म्हणायचे नाही. गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्याच्या आवारातच डॉक्टर बसवून ‘दवा आणि दुआ’ एकत्र देण्याचा उपक्रम झाला आहे. अट इतकीच की दुआसाठी दवा थांबू नये.

एका स्थितीत तर एक दिवसही थांबू नये. हजारात एक-दोन बाळंतिणी पहिल्या दोन आठवड्यांत एकाएकी असंबद्ध बोलू लागतात, रात्ररात्र जागतात, कानात आवाज येतात म्हणतात, बाळाविषयी भलतेच काही बोलतात. लोक याला बाहेरची बाधा समजतात. अशा वेळी आई व बाळ दोघांना एकटे सोडू नये आणि १०८ ची गाडी बोलावून तिला थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे. बाळ हिरावून घेतील म्हणून घरचे बिचकतात. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार दाखल झालेल्या आईपासून तीन वर्षांखालील मूल सहसा वेगळे करता येत नाही. आईकडून त्याला धोका असेल तरच तात्पुरते दूर ठेवतात. बंगळूरच्या ‘निम्हान्स’मध्ये तर २००९ पासून आई-बाळाला एकत्र ठेवणारा स्वतंत्र विभाग आहे. जाताना प्रसूतीचे कागद, माता-बाल संरक्षण कार्ड, सुरू असलेल्या गोळ्यांची पाकिटे आणि रात्री बाळाला सांभाळू शकेल असे घरचे एक माणूस बरोबर असू द्यावे.