मारबतीच्या गर्दीत हरवलेली चाळीस मिनिटं

तीन वर्षांपूर्वी भाऊ आणि वहिनी सात वर्षांच्या भाचीला घेऊन पुण्याहून पोळ्याला आले. दुसऱ्या दिवशी करीला सगळ्यांनी मिळून मारबत, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक पाहायची, मग गांधीबाग, इतवारी, महाल असं रमतगमत फिरायचं, असा बेत मी आखला. मी जन्माची नागपूरची, तेव्हा रस्ते मला ठाऊक, असा माझा समज होता. त्या समजापायीच तो दिवस आमच्या जिवावर बेतला होता. तुमच्यावर तशी वेळ येऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

पहिली चूक गाडीची. दहाच्या सुमारास गांधीबागेतल्या एका गल्लीत गाडी लावली आणि चालत निघालो. तासाभरात रस्ते बंद झाले आणि गाडी आत अडकली. मिरवणूक संपेपर्यंत ती निघणार नव्हती.

दुसरी चूक आईची. तिचं वय बहात्तर, तिला साखरेचा त्रास. ‘परत आल्यावर निवांत जेवू’ म्हणून ती सकाळच्या चहावरच निघाली आणि मीही आग्रह केला नाही. श्रावण संपल्यावरचं दमट ऊन, ढोलताशांचा दणदणाट, पाठीमागून येणारे लोंढे. नेहरू पुतळ्याकडे जाताना तिचे हात थरथरू लागले. मी आणि वहिनी तिला एका दुकानाच्या पायरीवर बसवून साखर-पाणी शोधू लागलो. भाऊ पाण्याची बाटली आणायला गेला. भाची त्याच्यासोबत आहे असं आम्ही धरून चाललो आणि त्याला वाटलं ती आमच्याजवळ आहे.

पुढची चाळीस मिनिटं मी विसरू शकत नाही. फोन लावले, तर त्या आवाजात रिंग कुणालाच ऐकू येईना. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं, हे ठरलंच नव्हतं. शेवटी एका बंद कापड दुकानाच्या ओट्यावर भाची सापडली. ती एका बडग्याच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या पुरुषी पुतळ्याच्या, मागेमागे चालत गेली होती. दुकानमालकांनी तिला पाणी देऊन बसवून ठेवलं होतं. ते म्हणाले, ‘‘ताई, पोरीला बापाचा नंबर येत नाही, पत्ता येत नाही. ‘आत्याकडे आली’ एवढंच सांगते. आता या गर्दीत आत्या कुठून शोधावी?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्याच ओट्यावर तिसरी चूक कळली. सकाळपासून मी भाचीला मारबत म्हणजे ‘मोठ्ठ्या बाहुल्यांची गंमत’ असं सांगत होते. शेजारी एक आजी नातवाला कडेवर घेऊन मारबतीला हात जोडत होत्या. काळी मारबत 1881पासून निघते, पिवळी 1885पासून. औषधं हाताशी नसलेल्या त्या काळात साथी गावंच्या गावं नेत. रोगराई आणि इडापिडा या पुतळ्यांसोबत गावाबाहेर जावी, हा त्यामागचा भाव. काळ्या मारबतीशी इंग्रजांना साथ दिल्याच्या रोषातून भोसले घराण्यातल्या बाकाबाईंची आठवण जोडली जाते. पिवळ्या मारबतीची बायाबापड्या पूजा करतात, लेकरांना दर्शनाला आणतात. बडगे त्या-त्या वर्षीच्या महागाईवर, भ्रष्टाचारावर बोट ठेवतात. ज्याला मी गंमत म्हणत होते, ते कुणाचं तरी गाऱ्हाणं आणि कुणाची तरी प्रार्थना होती.

दुसऱ्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी नीट विचार करून. तेच आता तुम्हाला सांगते.

गाडी नेऊ नका. डिसेंबर 2022पासून सेंट्रल एव्हेन्यूवरून मेट्रो धावते. अग्रसेन चौक किंवा चितारओळ चौक स्टेशनवर उतरलात की पायी जाता येतं आणि परतीचा रस्ताही मोकळा राहतो.

मिरवणुकीसोबत चालू नका. दोन्ही मारबतींची गळाभेट नेहरू पुतळ्याजवळ होते, तिथेच सगळ्यात जास्त रेटारेटी असते. लहान मुलं आणि म्हातारी माणसं सोबत असतील, तर त्या चौकात शिरू नका. मार्गावर ओळखीच्या कुणाची गच्ची असेल तर आदल्या दिवशीच विचारून ठेवा. नसेल तर चौकापासून दूर, मागे सुटायला जागा असलेल्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहा.

मुलाच्या खिशात दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा आणि एक नंबर पाठ करून घ्या. भेटण्याची जागा आधीच ठरवा, ती गर्दीबाहेरची असू द्या. प्रत्येक मुलाची जबाबदारी एकाच मोठ्या माणसावर, नाव घेऊन सोपवा. मूल दिसेनासं झालं तर जवळच्या पोलिसाला लगेच सांगा किंवा 112 लावा. मुलांसाठी 1098 आहे. ‘जरा शोधून पाहू’ म्हणत वेळ घालवू नका.

म्हाताऱ्या माणसांना जेवू घालूनच बाहेर काढा. सोबत पाणी, गोळ्या आणि काहीतरी गोड असू द्या.

फिरणं मिरवणूक ओसरल्यावर करा. गणेशचतुर्थी अगदी तोंडावर असते, त्यामुळे चितारओळीत मूर्तींवर शेवटचे हात फिरत असतात. मुलांना गणपतीचे डोळे रंगवताना पाहू द्या. संध्याकाळी तान्हा पोळा असतो. पोरं सजवलेले लाकडी नंदी घेऊन घरोघरी येतात, तेव्हा त्यांच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे ठेवा. त्या दुसऱ्या वर्षी आमच्या भाचीनेही नंदी ओढला आणि मिळालेला बोजारा मूठ घट्ट आवळून आणून दाखवला.

मुलांना मारबत जरूर दाखवा, ती का निघते हेही सांगा. पण उंबरा ओलांडण्याआधी त्यांच्याकडून तुमचा नंबर एकदा म्हणून घ्या.